डिस्चार्जनंतरचे बिल

हिवाळ्याचा हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या कॅज्युअल्टीत भाड्याच्या स्कूटरवरून पडलेले परदेशी पर्यटक येऊ लागतात. मोडलेले हाड आपले शल्यचिकित्सक उत्तम जोडतात. तक्रारी होतात त्या बिलिंगच्या खिडकीवर, आणि त्यांतल्या बऱ्याचशा रास्त असतात. रुग्णालय चालवणाऱ्या आमच्या वाचकांना हे स्पष्टपणे सांगायला हवे.

देशी विम्याचे कॅशलेस आता आपल्या अंगवळणी पडले आहे. विमा नियामकाने 2024 मध्ये पूर्वमंजुरीसाठी एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मुदत घालून दिली. परदेशी विमा कंपनीवर ते बंधन नाही. तिच्या वतीने असिस्टन्स कंपनी कागद मागवते, ते तपासले गेले की मग हमीपत्र येते. आपल्याकडे सकाळी अकराला डिस्चार्ज लिहिला जातो तेव्हा हिवाळ्यात लंडनमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तरीही संध्याकाळपर्यंत रुग्णाला एकच उत्तर मिळते, ‘तुमच्या इन्शुरन्सचं आलेलं नाही, पैसे भरा.’ कागद आपण आदल्या दिवशीच का पाठवले नाहीत, हे कोणी विचारत नाही.

त्या कागदांत काय लिहिलेले असते, यावर सगळे अवलंबून आहे. दुचाकीच्या अपघातात कंपनी परवाना, एमएलसीची नोंद आणि मद्याचा अहवाल मागते. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी घाईत ‘दारूचा वास’ एवढेच लिहून ठेवले आणि रक्ताचा नमुना घेतलाच नाही, तर कंपनीला नकाराचे कारण मिळते आणि रुग्णाला प्रतिवादाचा पुरावा उरत नाही. रक्तदाबाचेही तसेच. किती वर्षांपासून आहे हे सोबतच्या मित्राला विचारून अंदाजाने आकडा टाकला जातो, आणि आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. खरे ते लपवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र माहिती कोणाकडून मिळाली आणि काय प्रत्यक्ष तपासले, हे केसपेपरवर वेगवेगळे दिसले पाहिजे.

बिलाचेही तेच. ‘कन्झ्युमेबल्स’ या एका ओळीखाली मोठी रक्कम असली की दाव्यावर शंका येणारच. इम्प्लांटचे स्टिकर, औषधांची वेगळी बिले, प्रत्येक पावती जोडायला हवी. दिवसाला पाच हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवर, अतिदक्षता विभाग वगळून, जुलै 2022 पासून पाच टक्के जीएसटी आहे. तो कशाचा, हे बिलावरच लिहावे. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण 03/04 म्हणजे अमेरिकेत 4 मार्च.

दराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशी पासपोर्टसाठी वेगळे दरपत्रक अनेक ठिकाणी आहे. न्यू जर्सीत स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतलेले काका पुण्यात अँजिओप्लास्टीला येतात, तेव्हा त्यांनाही ते लागू होऊ शकते. दर वेगळा ठेवायचाच असेल तर तो भरतीच्या वेळी लेखी अंदाजपत्रकात दाखवा. शेवटच्या दिवशी कळलेला दर ही फसवणूकच आहे, असे आमचे मत आहे. आणि काउंटरवर रोखीचा आग्रह धरणाऱ्यांनी प्राप्तिकर कायद्याची दोन लाखांची मर्यादा विसरू नये.

पासपोर्ट अडकवून ठेवण्याची सवय तर ताबडतोब मोडली पाहिजे. नोंदीसाठी छायाप्रत पुरते. बिलासाठी रुग्णाला थांबवून ठेवणे बेकायदा आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे, आणि तो नियम पासपोर्टचा रंग पाहून बदलत नाही.

रुग्ण मायदेशी परतला की खरा पत्रव्यवहार सुरू होतो. स्वतः पैसे भरून गेलेल्या माणसाला भरपाईसाठी सही-शिक्क्याची प्रत, डॉक्टरांचा खुलासा, एखादी राहिलेली पावती लागते. त्याचे मेल रुग्णालयाच्या सर्वसाधारण पत्त्यावर पडून राहतात, कारण ते काम कोणाचेच नसते. प्रत्येक रुग्णालयाने एका माणसाकडे ही जबाबदारी द्यावी, त्याचे नाव आणि थेट मेलपत्ता डिस्चार्ज समरीवर छापावा आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यावे. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. हा हंगाम संपण्याआधी आपल्या रुग्णालयात एवढे तरी सुरू करा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.