आजीला वीस सेकंद पुरतील का?

ट्रॅफिक इंजिनिअरिंगमध्ये एक गणित हमखास असतं. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरा आणि सिग्नलची वेळ काढा. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर उत्तर २० सेकंद. मार्क खिशात!

आता हेच उत्तर चौकात नेऊन बघा. गुडघे दुखणारी आजी समजा सेकंदाला ०.८ मीटर चालते. २० सेकंदांत ती १६ मीटरवर पोचते. उरलेले ८ मीटर तिने कुणाच्या भरवशावर पार करायचे? काठी टेकत चालणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला आपलाच मित्र, यांनाही तो १.२ चा आकडा झेपत नाही.

आजीला १० सेकंद जास्त दिले तर गाड्या तेवढ्या जास्त थांबतील, हे खरं. बसमधल्या लोकांनाही वेळेवर पोचायचं असतं. पण मग ते सेकंद भरून काढायला पुढे गाडी पिटाळायची का? २ किलोमीटर ताशी ३० ऐवजी ५० ने गेलात तर ९६ सेकंद वाचतात, तेही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर! उलट ब्रेकचा हिशेब बघा. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद आणि मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची २८ मीटरमध्ये. म्हणजे जिथे पहिली थांबलेली असते, तिथे दुसरीचा ब्रेक लागायचाच असतो!

मग करायचं काय? पादचारी पूल हे उत्तर नव्हे, कारण जिने चढायचे पुन्हा त्याच गुडघ्यांनी. त्यापेक्षा दुभाजकावर थांबायला सुरक्षित जागा ठेवा. आजीला एका दमात १२ मीटर, म्हणजे १५ सेकंद लागतील. उरलेला रस्ता पुढच्या हिरव्या दिव्याला. सिंगापूरमध्ये तर २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठांनी कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. पुणे महापालिकेनेही २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. पण धोरण कागदावरून रस्त्यावर उतरवायला इंजिनिअरच लागतो.

सिग्नलचे सेकंद आभाळातून पडत नाहीत, कुणीतरी ते ठरवतं. उद्या त्या खुर्चीत आपल्यापैकीच कुणी बसेल. तेव्हा १.२ लिहिण्याआधी त्या चौकात कोण कोण चालतं, ते एकदा जाऊन बघा!