भेग कुठवर गेली?

अकोला जिल्ह्यातल्या पातूर, बार्शीटाकळीकडच्या एखाद्या गावात हातपंपाने हवा ओढायला सुरुवात केली, की नवा बोअर मारण्याची मागणी होते. जुन्यालाच पुन्हा पाणी लागते का, हे आधी बघायला हवे. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जलभंजनाचा, म्हणजे हायड्रोफ्रॅक्चरिंगचा, उपाय आहे.

बोअरमध्ये रबरी पॅकर सोडतात, फुगवून तो कातळाला घट्ट बसवतात आणि त्याखाली प्रचंड दाबाने पाणी कोंबतात. दाबाचा काटा चढत राहतो. मग एकाएकी खाली येतो. खडक तडकला किंवा मातीने बुजलेली जुनी फट मोकळी झाली, एवढे तेव्हा कळते. ती फट कोणत्या दिशेने धावली, कुणाच्या विहिरीखाली पोचली, हे काटा सांगत नाही.

तेलाच्या धंद्यात हे तंत्र 1947 साली अमेरिकेतील कान्सासमध्ये प्रथम वापरले गेले. आता त्या धंद्यात शेजारच्या विहिरीत जिओफोन सोडतात. खडक चिरताना होणारे अतिसूक्ष्म कंप ते टिपतात. प्रत्येक कंपाची जागा काढली, की भेग कशी वाढत गेली ते नकाशावर उमटते. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ 2011 साली अशाच जलभंजनामुळे 2.3 तीव्रतेचा धक्का बसला. पुढे तिथे 0.5 पेक्षा मोठा कंप नोंदला गेला, की पंप थांबवण्याचा नियम आला.

गावातल्या बोअरचे काम त्यामानाने अगदी लहान असते. त्याने भूकंप होईल म्हणून कुणी धास्ती घेऊ नये. प्रत्येक हातपंपाशी जिओफोन आणा, असेही कुणी म्हणणार नाही. पण काळ्या पाषाणात पाणी असते ते फटींत आणि सांध्यांत. एक फट उघडली, तर इकडे पाणी वाढेल आणि बांधापलीकडची विहीर उतरेल, असेही होऊ शकते. ते तपासायला टेप आणि वही पुरते. काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर काही दिवस आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजावी, बोअर किती पाणी देतो ते उपसा करून पाहावे, दर मिनिटाचा दाब लिहून ठेवावा.

अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडे पूर्णा नदीचा खोल गाळ आहे. तिथे जलभंजनाचा उपयोगच नाही. मात्र तिथल्या खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्याच्या, कडेला, जिथे गाळ संपून खडक लागतो, तिथे पाण्याचा खारेपणाही आधी आणि नंतर तपासलाच पाहिजे. गोड्या बोअरला खाऱ्या पाण्याची वाट मिळाली, तर ती बुजवणे फार अवघड.

हे आकडे कार्यालयातल्या फायलीत राहून चालणार नाही. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, शेजारच्या विहिरीच्या मालकाला वाचता यावेत. तोवर काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणी देऊ नये.