उसाच्या मळ्यात विकतची भाकरी



आमचे काम ऊस वाढवण्याचे. लागण कोणत्या तारखेची, बेणे कोठले, पाचट जाळले की कुजवले, एकरी टन किती, एवढेच आम्ही बांधावर उभे राहून विचारतो. घरात काय शिजते हे लिहिण्यास आमच्या नोंदवहीत रकानाच नाही. त्यामुळे आजचा विषय काहींना आडवाटेचा वाटेल. पण तो मांडल्यावाचून राहवत नाही.

गेल्या हंगामात लागणीच्या नोंदीसाठी एका सभासदांकडे गेलो होतो. सहा एकर जमीन, सगळी बागायत, सगळा ऊस. दुपार झाली होती, जेवणाचा आग्रह झाला. ताटात ज्वारीची भाकरी आणि पिठले. आम्ही सहज विचारले, "ज्वारी घरची का?" सभासदांच्या मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. त्या म्हणाल्या, "घरची कुठली, साहेब? दुकानातली. घरचा नुसता ऊस हाय." सोप्याच्या कोपऱ्यात कणगी होती. तिच्यात जुन्या गोधड्या ठेवलेल्या. मग त्याच पुढे बोलल्या, "बाहत्तरला खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली. तवा पाणी नव्हतं. आता पाणी हाय, तर घरात दाणा न्हाय."

मुलगा ओशाळला. खरे सांगायचे तर आम्हीही ओशाळलो. कारण त्या सहा एकरांतली शेवटची ज्वारीची पट्टी मोडून तेथे ऊस लावा, हे सांगणाऱ्यांत आमचाच विभाग पुढे होता.

तरुण सभासदांना मागचा इतिहास ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५६ साली अमेरिकेशी करार झाला आणि पी. एल. ४८० या कायद्याखाली तिकडचा गहू आपल्याकडे येऊ लागला. १९६५ व १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे दुष्काळाची गेली. १९६६ साली देशाने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणले. बंदरात जहाज लागले की तेच धान्य लगेच रेशनच्या दुकानांकडे निघे, इतकी हातातोंडाची गाठ होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळात. आपल्या राज्यात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी १९६५ साली पुण्यात, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याबाबत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. मेक्सिकोहून गव्हाचे बियाणे आले, आपल्या शिवारात हायब्रीड ज्वारी आली, अन्न महामंडळाची गोदामे उभी राहिली.

तरीही १९७२ चा दुष्काळ आलाच. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापता थापता मोडे, चव तर नाहीच. पण त्या मिलोने आणि सुकडीने माणसे जगवली, हे कोणी विसरू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मदतीबरोबर काम होते. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्यातूनच पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मदत घेणाऱ्याला पुढच्या साली मदतीची गरज कमी पडावी, ही त्यामागची दृष्टी होती.

आज देशाची गोदामे भरलेली असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. सुमारे ८० कोटी लोक तिचा लाभ घेतात. फुकट धान्याने लोक आळशी होतात, असे चावडीवर बोलले जाते. आमचे मत तसे नाही. बीड, जालना, परभणीकडून सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहून आपला ऊस तोडणाऱ्या कुटुंबाला आळशी कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्याला जमीन नाही, किंवा जमीन आहे पण पाणी नाही, त्याच्या ताटात धान्य पडलेच पाहिजे. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

प्रश्न आपला आहे. जमीन आहे, पाणी आहे, घरात राबणारी माणसे आहेत, आणि तरी ज्वारी, गहू, हरभरा, तूर, तेल, सगळे बाहेरून. दोन महिने वाट बंद झाली तर सहा एकर बागायतदाराच्या घरी खाण्याजोगे काय असते? रस!

ही नुसती थट्टा नाही. २०१५ साली तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा बागायतदारांच्या घरांतूनही आमटी पातळ झाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. भाजी, दूध, इंधन यांची टंचाई झाली आणि ऊस पिकवणाऱ्या गावांत बाहेरून शिधा न्यावा लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा किराणा दुकानापुढे चुन्याने आखलेल्या चौकोनांत आपण सारेच उभे होतो. ज्याच्या कणगीत चार पोती होती तो त्या महिन्यात शांत झोपला.

याला कोणी उत्तर देईल, की अहो साहेब, २० गुंठ्यांत ज्वारी-गहू करून येणार किती? त्याच २० गुंठ्यांत ऊस केला तर त्याच्या पैशांत दुप्पट धान्य येते. हिशेब खोटा नाही. निव्वळ रुपयांत मोजले तर चांगला ऊस बहुतेक वेळा पुढेच राहील, आणि तसे नाही असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. पण उसाचा पैसा रोज येत नाही. आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात. बिल चौदा दिवसांत द्यावे असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे, पण साखरेचा बाजार पडला की हप्ते मागे-पुढे होतात हे सर्वांना माहीत आहे. आलेला पैसा आधी सोसायटीच्या कर्जाला जातो, मग खताच्या उधारीला, मग लग्नकार्याला. किराणा मात्र दर महिन्याला लागतो, आणि तो वहीवर लिहून आणला जातो. वहीवरच्या धान्याचा भाव दुकानदार ठरवतो, आपण नाही. कणगीतल्या धान्याला हप्ता नाही आणि व्याजही नाही.

दुसरी गोष्ट. स्वयंपूर्ण व्हा म्हणजे जगाशी फारकत घ्या, असे आमचे म्हणणे नाही. तसे जगताही येणार नाही. आपला पंप विजेवर, नांगरट डिझेलवर, युरिया कारखान्यातला, तोडणी मजूर परगावचा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही एकट्याच्या बळावर नव्हे. एकट्याने काही होत नाही म्हणूनच सहकार आहे. पण ज्या गोष्टी आपल्या हातात राहू शकतात त्या सोडून का द्याव्यात? वीज आपण करू शकत नाही. ज्वारी करू शकतो.

आता मुख्य मुद्दा. यासाठी चांगला ऊस मोडण्याची गरज नाही. उसाच्या फेरपालटातच धान्याला जागा आहे, ती आपण निडवा राखून वाया घालवतो. खोडव्यानंतर निडवा, त्यानंतर आणखी एक वर्ष, असे करता करता टनेज निम्म्यावर येते, तुटाळ वाढते, जमिनीचा कस जातो. त्यापेक्षा असे करावे:

ज्यांचा खोडवा नोव्हेंबरात तुटतो त्यांनी निडवा न राखता लगेच रान तयार करून १५ डिसेंबरपर्यंत गहू पेरावा. उशिरा पेरणीला निफाड ३४ सारखा वाण चालतो. मार्चअखेर रान मोकळे होते. मग वळवाच्या पावसावर किंवा एक पाणी देऊन ताग अगर धैंचा करून गाडावा, आणि जुलैत आडसाली लावावी. दहा गुंठ्यांत अडीच-तीन क्विंटल गहू यायला हरकत नाही. ज्यांचा खोडवा जानेवारीअखेर तुटतो त्यांना उन्हाळी भुईमूग आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. निदान घरच्या तेलासाठी तरी शेंगा घाण्यावर नेता येतील.

आडसालीच्या सरीत सोयाबीन किंवा भुईमूग, पूर्वहंगामीत हरभरा किंवा कांदा, सुरूत मेथी-कोथिंबीर. मका मात्र घेऊ नये, तो उसावर सावली धरतो. आणि आंतरपीक घ्यायचे तर टू-फोर-डीचा पंप घराबाहेर काढू नये, नाहीतर तणाबरोबर हरभराही जाईल. खुरपणीच करावी.

ज्वारीला मात्र वेगळी जागा लागते, कारण तिचा पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. दहा गुंठे राखावेत. खरिपात त्यात मूग-उडीद घ्यावा, तो निघाला की मालदांडी पेरावी. पाण्याखाली दोनेक क्विंटल ज्वारी मिळेल, शिवाय जनावरांना कडबा. वाढे आणि विकतची वैरण यांवर किती खर्च होतो, हे दूधवाल्या सभासदांना आम्ही सांगायला नको.

यावर सर्वांचा आक्षेप ठरलेला आहे, की उसाच्या शिवारात एकट्याची ज्वारी पाखरे ठेवत नाहीत. खरेच आहे. चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये दहा गुंठे ज्वारी, म्हणजे साऱ्या शिवारातल्या पाखरांना पंगत. पण येथेच सहकार कामाला येतो. शेजारच्या आठ-दहा खातेदारांनी आपापले दहा गुंठे एकमेकांना लागून धरले, एकाच आठवड्यात पेरले, तर दोन-अडीच एकरांचा तुकडा होतो. राखणीला पाळी लावता येते, मळणी यंत्र एकदाच बोलावता येते, काढणीला सावड करता येते. नुकसान होईल, पण वाटून होईल. आपले वाडवडील हेच करत होते. आपण सहकाराचा कारखाना ठेवला आणि बांधावरची सावड सोडली.

पाच माणसांच्या घराला माणशी महिन्याला दहा किलो धरले तर वर्षाला सहा क्विंटल धान्य लागते. वर सांगितलेल्या वीस गुंठ्यांत त्यातले साडेचार-पाच क्विंटल घरात येते. उरलेले तांदूळ आणि इतर जिन्नस खुशाल विकत आणावेत, त्यात कमीपणा नाही. सर्वच पिकवायचे नाही. चूल बंद पडणार नाही, एवढे पिकवायचे.

आता आमच्या बाजूचे दोन शब्द. आम्ही इतकी वर्षे टनांचेच कौतुक केले. एकरी शंभर टनांच्या मानकऱ्याला फेटा बांधला, पण वर्षाचे धान्य घरात असणाऱ्याला कधी नारळसुद्धा दिला नाही. हे आमचे चुकले. यापुढे शिवारफेरीत खोडव्यानंतरच्या पिकाचा विचार सभासदांबरोबर बसून करण्याचे आम्ही ठरवले आहे. तसेच, निडवा न राखता गहू पेरू इच्छिणाऱ्यांचा खोडवा तोडणी कार्यक्रमात नोव्हेंबरातच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी अशा सभासदांनी गट कार्यालयात वेळेवर लेखी नोंद द्यावी. दहा-वीस अर्ज आले तर ते बाजूला पडतील. दोनशे आले तर त्यांचा विचार संचालक मंडळाला करावाच लागेल. यामुळे कारखान्याचा ऊस कमी होईल, अशी काळजी कोणी करू नये. बेवड चांगला मिळाला की पुढची लागण निडव्याची उणीव भरून काढते, हा अनुभव आपल्याच कार्यक्षेत्रात पुष्कळांना आहे.

राहिला रेशनचा प्रश्न. कार्ड कोणाचे पात्र आणि कोणाचे नाही हे ठरवणे तहसील कचेरीचे काम, आमचे नव्हे. आमची विनंती एवढीच, की घरचा दाणा कणगीत आल्यावर प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. आपल्याला ज्याची गरज उरली नाही ते धान्य खऱ्या गरजूला मिळू द्यावे.

त्या मातोश्रींच्या मुलाने यंदा विहिरीजवळचे दहा गुंठे राखले आहेत. शेजारचे तिघे तयार झाले आहेत, चौथा अजून विचार करतो आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा कणगीतल्या गोधड्या बाहेर वाळत घातल्या होत्या, आणि म्हातारी कणगीला आतून शेणाने सारवत होती.

जय सहकार!

ऊस विकास अधिकारी