चौदा पूर्ण व्हायच्या आत

भिंतीतल्या कपाटाचा खण ओढून काढायचा, आत डोकं घालायचं. एका बारीक छिद्रातून पलीकडची आईची खोली दिसते. तेरा वर्षांचा नोबोरू मोठ्यांचं जग असं चोरून बघतो. युकिओ मिशिमांची १९६३ सालची ही कादंबरी. जॉन नेथन यांच्या इंग्रजी अनुवादात तिचं नाव ‘द सेलर हू फेल फ्रॉम ग्रेस विथ द सी’. या आठवड्यात ती पुन्हा वाचली आणि पुन्हा झोप उडाली.

गाव योकोहामा. वडील वारलेले, आई फुसाको उंची परदेशी वस्तूंचं दुकान चालवते. पैशाची ददात नाही. नोबोरूचे मित्रही खात्यापित्या घरचे, अभ्यासात पुढे. त्यांची टोळी आहे, टोळीला म्होरक्या आहे आणि बाकीच्यांना नावांऐवजी नंबर. नोबोरू तीन नंबरचा. मन दगडाचं करायचं, ही त्यांची साधना. त्यासाठी ते मांजराच्या पिलाचा जीव घेतात. ते प्रकरण मला याही वेळी सलग वाचवेना. पण अंगावर खरा काटा येतो तो म्होरक्या दंडविधानाचं कलम ४१ वाचून दाखवतो तेव्हा. चौदा वर्षांखालच्या मुलाला शिक्षा नाही. आणि ही मुलं तर आता चौदाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे जे करायचं ते आत्ताच.

‘वेडं वय’ म्हणून आपण मोकळे होतो. या मुलांत वेड कुठे आहे? ती वकिलासारखी बोलतात. १९९७ मध्ये कोबे शहरात चौदा वर्षांच्या मुलाने दोन लहान मुलांचे खून केले आणि जपान हादरला. २००० साली बालगुन्हेगारांवरच्या फौजदारी खटल्याची वयोमर्यादा सोळावरून चौदावर आली. कलम ४१ मधले चौदा मात्र जागच्या जागी राहिले. मिशिमांना पडलेला प्रश्न मुळात आकड्याचा नव्हताच.

तो रियुजी या खलाशाचा आहे. समुद्रावर असेपर्यंत तो नोबोरूचा देव. मग एकदा उकाड्यात बागेतल्या पाण्याने अंग भिजवून तो ओल्या शर्टानिशी टोळीसमोर येतो, मुलाची मर्जी राखत हसतो, आणि नोबोरू वहीत त्याचे गुन्हे क्रमाने लिहू लागतो. हिवाळ्यात रियुजी जहाज सोडतो. फुसाकोशी त्याचं लग्न ठरतं, तिच्या दुकानाचा व्यवहार तो शिकू लागतो. देव गल्ल्यावर येऊन बसतो.

इथे माझं मिशिमांशी भांडण आहे. म्होरक्याच्या तोंडून कधी कधी तेच बोलतात असं वाटतं. संसाराला लागलेला पुरुष त्यांना मनापासून हरलेला वाटतो. १९७० मध्ये त्यांनी स्वतः हाराकिरी करून मृत्यू पत्करला हे ठाऊक असताना ती पानं स्वस्थपणे वाचता येत नाहीत. दुकानात उभं राहून घर चालवण्यात मला कसलाही अधःपात दिसत नाही.

तरी एका प्रसंगापाशी माझा वाद थांबतो. छिद्राचं बिंग फुटतं. आई कोलमडते, बाप म्हणून तूच याला शिक्षा कर, असं रियुजीला म्हणते. तो हात उगारत नाही. हळू आवाजात समजावतो, छिद्र बुजवून टाकू म्हणतो. घरोघरचे भले आईबाप जे करू बघतात तेच. नोबोरू मुकाट ऐकतो. मार बसला असता तर त्याने तो मानाने सोसला असता. वादळं अंगावर घेतलेला माणूस शहाण्या बापाचे शब्द जुळवत समोर बसलाय, हे त्याला सोसत नाही.

तो टोळीची तातडीची बैठक बोलावतो.