जुन्या अ‍ॅक्सेस फाइलमधली माहिती एक्सेलमध्ये आणताना

दुकानाची उधारी, सोसायटीची वर्गणी, इंदूर-बडोद्याच्या एखाद्या मराठी मंडळाची सभासद यादी... वीस-वीस वर्षांची अशी माहिती आजही कितीतरी ठिकाणी एकाच अ‍ॅक्सेस फाइलमध्ये असते. ती बनवणारे काका निवृत्त झालेले असतात आणि संगणक शेवटच्या घटका मोजत असतो. म्हणून कोणी घरातल्या मुलाला सगळं पुन्हा टाइप करायला बसवतं. तसं करू नका. एक्सेल २०१६पासून त्यातच ‘पॉवर क्वेरी’ ही सोय आहे. ती अ‍ॅक्सेसची फाइल थेट वाचते.

आधी अ‍ॅक्सेस बंद करून फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मग एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम डेटाबेस आणि शेवटी फ्रॉम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस डेटाबेस असं जा. फाइल निवडली की आतले तक्ते दिसतात. हवा तो निवडून ‘लोड’ करा. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

अडतं ते बहुतेक वेळा इथेच: ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ असा संदेश येतो. फाइल खराब झाली असं समजून घाबरू नका. एक्सेल आणि अ‍ॅक्सेसची फाइल वाचणारं इंजिन, दोन्ही ३२ बिट किंवा दोन्ही ६४ बिट असावी लागतात. विंडोज किती बिटचं आहे, याला इथे महत्त्व नाही. तुमचं एक्सेल कोणतं, हे फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे कळतं. त्याच जातीचं ‘अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन’ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतं.

फाइल अ‍ॅक्सेस ९७ची असेल तर मात्र घाई करा. २०१३ आणि त्यानंतरचं अ‍ॅक्सेस ती उघडतच नाही. २००३, २००७ किंवा २०१० असलेला एखादा संगणक शोधा आणि तिथे ती नव्या प्रकारात बदलून घ्या. तोवर जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका!

आणखी एक गोष्ट खास आपल्या मराठीची. माहिती आली, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतोय? मग ती शिवाजीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असणार. तो रकाना निवडून त्याला तोच फाँट लावून बघा. नावं नीट वाचता आली तर माहिती शाबूत आहे. पण शोधायला किंवा मोबाइलवर वाचायला ती युनिकोडमध्येच हवी, त्यासाठी फाँट कन्व्हर्टर वापरावा लागेल. सगळी यादी एकदम बदलू नका. आधी रफार आणि जोडाक्षरं असलेली दहा-बारा नावं बदलून पाहा, गडबड तिथेच होते.