गुहेबाहेरच्या सायकली

डिसेंबरात आमच्या चौथीची सहल वसईच्या किल्ल्यात नेली होती. चिमाजी अप्पांची गोष्ट सांगून झाली. डबे उघडण्याआधी मी डोकी मोजली, तर ४२ ऐवजी ४१! पुन्हा मोजली, तरी ४१च. पोटात गोळाच आला. किल्ल्यात विहिरी आहेत, पडक्या भिंती आहेत, आणि ज्याची सकाळपासून कुजबुज चालली होती ते भुयारही आहे.

भुयाराच्या तोंडाशी पाण्याची एक निळी बाटली दिसली. हाक मारली, तर आतून रडवेला आवाज, "ओ बाई!" पठ्ठ्याच्या खेळण्यातल्या बॅटरीने मान टाकली होती, आणि अंधारात मागं कुठं अन् पुढं कुठं तेच त्याला कळेना. आवाजाच्या रोखाने तो बाहेर आला. मला रागवायचंही सुचलं नाही.

परतताना बसमध्ये सर्वांना थायलंडची गोष्ट सांगितली. २३ जून २०१८. फुटबॉल खेळून १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत शिरले. धाकटा मुलगा ११ वर्षांचा. जुलै ते नोव्हेंबर गुहेत पूर येतो, अशी पाटी बाहेर होती. पण जुलै लागायला अजून आठवडा होता ना! पावसाने काही पाटी वाचली नव्हती. मुलं आत असतानाच पाणी भरलं आणि वाट बंद झाली. रात्र झाली तरी मुलं घरी नाहीत म्हणून शोध सुरू झाला, तेव्हा गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली सापडल्या. त्या नसत्या तर कुठं शोधायचं?

आपली कान्हेरीची लेणी माणसांनी छिन्नीने कोरलेली. थाम लुआंग मात्र चुनखडीच्या डोंगरातली. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं आणि हजारो वर्षं दगड विरघळवत वाट करतं. म्हणजे गुहा ही मुळात पाण्याचीच वाट, बरं का! तोंडाशी ऊन असलं तरी डोंगरमाथ्यावरचा पाऊस आतून येऊन गाठतो.

मुलं भिंतींवरून ठिबकणारं पाणी पिऊन राहिली. दहाव्या दिवशी, २ जुलैला, दोन ब्रिटिश पाणबुडे तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत पोचले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "किती जण आहात?" उत्तर आलं, "तेरा!"

सापडली खरी, पण काढायची कशी? मुलांना पाण्याखालून पोहत येणं जमणार नव्हतं. आतल्या हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५वर आला होता. पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते. इथे आपली माणसंही होती! किर्लोस्कर कंपनीचे तंत्रज्ञ पाणी उपसण्याबाबत सल्ला द्यायला ५ जुलैपासून तिथे होते, आणि सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत चार मोठे पंप विमानाने धाडायला तयार ठेवले होते. शेवटी डॉक्टरांनी मुलांना गुंगीचं औषध दिलं, तोंडावर हवेचे मुखवटे बसवले आणि पाणबुड्यांनी एकेकाला पाण्याखालून, अरुंद फटींतून बाहेर आणलं. ८ ते १० जुलै, तीन दिवसांत तेराही जण बाहेर!

बसमध्ये टाळ्या पडल्या. मग मी समन कुनान यांच्याबद्दल सांगितलं. थायलंडच्या नौदलातले हे माजी पाणबुडे स्वतःहून मदतीला आले होते. ६ जुलैला गुहेत हवेची नळकांडी ठेवून परतताना पाण्याखालीच त्यांचा मृत्यू झाला.

बस गप्प झाली. जरा वेळाने निळ्या बाटलीवाला माझ्या सीटपाशी आला.

"बाई, मी ओ दिली नसती तर तुम्ही आत आला असता?"

मी नुसती मान हलवली. तो तिथेच, माझ्या शेजारी बसून राहिला.