सेशन संपलं, म्हणजे चूक कोणाची?

दिवाळीत नांदुऱ्याला गेलो होतो. मामांना एक फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, म्हणून त्यांच्यासोबत सेंटरवर गेलो. वेचणीचे मजूर शेतात सोडून आले होते बिचारे. सेंटरवरचं पोरगं सातबारा, पासबुक, आधार बघून बघून टाइप करत होतं. गट नंबरासाठी दोनदा मामींना फोन झाला. शेवटी ‘सबमिट’ दाबलं. उत्तर आलं, ‘सुरक्षेच्या कारणास्तव आपले सेशन संपले आहे.’ फॉर्म कोरा!

मामा म्हणाले, “काऊन रे बाबू, माह्यंच काही चुकलं का?”

नाही मामा. चुकलं आमचं, प्रोग्रामर लोकांचं.

पीएचपीत ‘जीसी मॅक्सलाइफटाइम’ नावाची एक सेटिंग असते. डीफॉल्ट १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तेवढ्यात हालचाल झाली नाही तर सेशनची फाइल कचरा समजायची. आता गंमत बघा. माणूस टाइप करतोय, पण सर्व्हरकडे एकही रिक्वेस्ट जात नाहीये. म्हणजे सर्व्हरच्या लेखी तो झोपलेला! शेअर्ड होस्टिंगवर तर आणखी मजा. सगळ्या साइट्सच्या सेशन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये असतील, तर ज्याची मुदत सगळ्यात कमी त्याचा झाडू सगळ्यांवर फिरतो. तुम्ही तुमच्या कोडमध्ये खुशाल दोन तास लिहा.

आणि ह्या आळसाला आपण ‘सुरक्षा’ म्हणतो! लॉगिननंतर सेशन आयडी बदलता का? कुकीला सिक्युअर आणि एचटीटीपी-ओन्ली लावलंय का? स्ट्रिक्ट मोड चालू आहे का? ते सोडून आयपी बदलला की हाकलून द्यायचं. अहो, मोबाइलचा आयपी चालत्या गाडीतही बदलू शकतो.

कोणी म्हणेल, सेंटरचा कॉम्प्युटर दहाजण वापरतात, सेशन लांबवणं धोक्याचं नाही का? आहेच. म्हणून लॉगिन संपवा, काम संपवू नका. दर मिनिटाला मसुदा डेटाबेसमध्ये त्या युजरच्या नावावर सेव्ह करा. टाइप करतोय तोवर सेशन जिवंत राहील. माणूस उठून गेला की आपोआप मरेल. परत लॉगिन केलं की फॉर्म जिथल्या तिथे. एका दुपारचं काम आहे हो!

दुसऱ्या खेपेला त्या पोरानं सगळं आधी नोटपॅडमध्ये लिहिलं, मग पेस्ट केलं. रोजची सवय आहे म्हणे. आपण न केलेलं काम नांदुऱ्यातलं ते पोरगं रोज करतंय.